आधी बटण बघा

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली मीटर म्हणते. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. कमरेला कायम ते व्होल्ट मोजायचं पिवळं यंत्र. त्याची कापडी पिशवी मीच शिवून देते, फाटली की पुन्हा शिवते. कुणाच्या लग्नाला गेले तरी पिशवी कोटाच्या आत असायचीच. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की आमच्या लग्नाच्या फोटोतही यांच्या कमरेला फुगवटा दिसतो. फोटो मी बघितलाय. दिसतो.

मी ताईची धाकटी बहीण. त्यांच्या घरासमोरच माझं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे आणि दुकानावर माझी खोली. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या लग्नांवर बोलायला मला भरपूर सवड मिळाली. आणि मी बोलते. माझी जीभ जरा तिखट आहे, हे मला लोकांनी इतक्यांदा सांगितलंय की आता नवीन कुणी सांगितलं तर मी नुसती मान हलवते.

भाऊजींचा धंदा घरं गरम ठेवायचा. आमच्याकडे थंडी अशी पडते की नळातलं पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून प्रत्येक घराच्या तळघरात एक भट्टी असते, कपाटाएवढं धूड. ती गरम हवा वरच्या खोल्यांत सोडते. भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. तो भट्टीला सांगतो, आता पेट, आता थांब. यातलं काहीही अडलं की लोक भाऊजींना बोलवायचे, आणि भाऊजी दारातूनच विचारायचे, "बटण बघितलंत का?"

त्याचं कारण असं. तळघरात उतरायच्या जिन्याच्या तोंडाशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. एक जिन्यातल्या दिव्याचं, एक भट्टीचं. उद्या खाली आग लागली तर न उतरता वरूनच भट्टी बंद करता यावी, म्हणून ते तिथे ठेवायचा नियम आहे. पण माणसं दिवा घालवताना हमखास दुसरंही घालवतात. मग घर गारठतं, थर्मोस्टॅट काळा पडतो, आणि घरमालक फोनवर व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीच्या मागे लागतो. भाऊजी यायचे, काही न बोलता बटण वर करायचे, खाली भट्टी गुरगुरायला लागायची, आणि मालकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. जेवताना ते आम्हाला त्या तोंडांच्या नकला करून दाखवायचे. "आधी बटण बघा, मग फ्यूज, मग जोड. तार सगळ्यात शेवटी. भिंतीतली तार कुठे जाते पळून?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

दुसरा त्यांचा अभिमान म्हणजे जोड. भाऊजींनी तारेला तार जोडली की ती आयुष्यभर हलायची नाही. एकदा एका किराणावाल्याने चारचौघांत म्हटलं, तुमचा जोड सैल निघाला. भाऊजींनी त्याच्या समोर ती तार दोन हातांनी ओढून दाखवली. दोष भलतीकडेच निघाला. त्यानंतर आमच्या घरी त्या दुकानातून मीठसुद्धा आलं नाही.

आता ताई. ताई शर्टांच्या कारखान्यात मुकादम होती. बायका गेल्या की सगळ्या हॉलमधून फिरून मशीन, इस्त्र्या, दिवे, पंखे बंद करायचे आणि कुलूप लावायचं, हे तिचं रोजचं काम. एखादी इस्त्री राहिली तर कारखाना जाईल, ही भीती तिने निवृत्तीपर्यंत बाळगली. त्याच कारखान्यात भाऊजी वायरिंगला आले होते. काम संपवून फाटकापर्यंत पोहोचले तर ही मागून धावत गेली, म्हणाली, अहो वायरमन, कोठीतला दिवा कुणी घालवायचा? भाऊजी परत आले, बटण दाबलं, गेले. दुसऱ्या दिवशी काम नसताना पुन्हा आले. पुढचं सांगायची गरज नाही.

घरीही ताईचं तेच. तुम्ही खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की मागे अंधार. मी तिच्याकडे राहायला गेले की निम्मी अंघोळ चाचपडतच करायची. भाऊजी माझ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, बाई आमच्या धंद्याच्या मुळावर आहे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ताईचं थोडं चुकायला लागलं. फोनवर तीच गोष्ट दोनदा सांगायची. दुकानात माझ्यासमोर उभी राहून मलाच विचारायची की धाकटी कुठे गेली. भाऊजी म्हणायचे, वय झालं, माझंही होतं असं. त्यांचं काही होत नव्हतं. त्यांना गावातल्या प्रत्येक घराचा फ्यूज पाठ होता.

त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची, दूरच्या शहरात असते. ती येऊन चार दिवस राहिली आणि जाताना सरळ बोलली. बाबा दिवसभर कामावर, आई एकटी घरात, हे चालायचं नाही. तिच्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, तिथे आईला ठेवू. भाऊजी इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. ते म्हणाले, तिला काही झालेलं नाही, आणि ती या घरातून कुठेही जाणार नाही. शेवटी असं ठरलं की हा हिवाळा बघायचा. भाचीने एक स्मार्ट थर्मोस्टॅट पाठवला. तो भिंतीवर बसवला की घर किती गरम आहे, ते तिला तिकडे फोनवर दिसणार. आई दिवसभर ऊबेत आहे एवढं मला दिसू दे, ती म्हणाली, मग मी काही बोलणार नाही. पण घर गारठलेलं दिसलं आणि ते आईमुळे असलं, तर मात्र मी थांबणार नाही.

भाऊजींनी तो थर्मोस्टॅट असा बसवला, जणू देवघरच मांडतायत. जुन्याला दोन तारा पुरायच्या. या नव्याचा पडदा सतत उजळलेला आणि वायफाय सतत चालू, म्हणून त्याला एक निळी तार जास्तीची लागते, आणि ती वीजही भट्टीतूनच येते. भट्टीची वीज गेली की हाही भिंतीवर मेला. भाऊजींनी तळघरापासून नवी केबल ओढली, एकेक जोड पक्कडीने आवळला, वर मला बोलावून दाखवलं. मला त्यातलं काय कळणार, पण काम सुरेख होतं हे मलाही दिसत होतं.

थोडे दिवस सगळं ठीक चाललं. मग एका दुपारी भाचीचा मला फोन आला की घर दिसेनासं झालंय, जरा जाऊन बघ. मी रस्ता ओलांडून गेले. घर गार. ताई स्वेटरवर स्वेटर घालून खुर्चीत मजेत बसलेली, आणि भिंतीवरचा पडदा काळा. भाऊजींना कामावरून बोलावून घेतलं. ते आले, मला चहा ठेवायला सांगितलं आणि एकटेच जिन्याकडे गेले. चहाला उकळी येईपर्यंत खाली भट्टी सुरू झाली. वर येऊन म्हणाले, "निळ्या तारेचा जोड सैल राहिला होता माझा."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. भाऊजींचा जोड, आणि सैल? मी म्हटलं, आज कॅलेंडरवर खूण करून ठेवते. ते कप घेऊन ताईपाशी जाऊन बसले.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. भाची फोन करायची, मी धावायची, घर गार असायचं, भाऊजी येऊन एकटेच जिन्याकडे जायचे आणि थोड्या वेळाने नवं कारण घेऊन परतायचे. एकदा भट्टीतला छोटा ट्रान्सफॉर्मर कमी पडतो म्हणाले आणि नवा आणून बसवला. एकदा केबलला कुठेतरी खिळा लागला असेल म्हणाले आणि पॅसेजची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत फोडली. घरभर चुना. एकदा थर्मोस्टॅटच्या आतली बॅटरी खराब आहे म्हणाले, आणि कंपनीशी फोनवर भांडून दुसरा थर्मोस्टॅट मागवला. कंपनीचा तो मुलगा आधी पडदा चालू करा म्हणत होता. भाऊजी म्हणाले, बाबा रे, तो चालू असता तर तुला फोन कशाला केला असता? तेवढंच एकदा आम्ही सगळे हसलो.

मी बोलायचं सोडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. दिव्याखाली अंधार म्हटलं. एकदा त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फिरवलं, म्हटलं, भाऊजी, आधी बटण बघितलंत का? त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, आता ओरडतील. पण अगदी हळू म्हणाले, "बटण चालूच होतं."

गावात अशा गोष्टींना पाय फुटतात. मीटरला स्वतःच्या घरची भट्टी दुरुस्त होईना, ही बातमी पसरली. बेकरीवाल्या बाईने दुसरा माणूस बोलावला. भाऊजींनी गुरासारखं राबून उभं केलेलं नाव एका हिवाळ्यात गेलं, आणि ते मान खाली घालून भिंत लिंपत राहिले. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, म्हातारपणी हात थरथरायला लागले असतील तर कबूल करावं आणि दुसऱ्या कुणाला बोलवावं.

ताईलाही तेच वाटत होतं. एकदा ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "यांचं आता वय झालंय गं. जोड सैल राहतात. तू कुणाला बोलू नकोस, यांना फार लागेल." हे ती अगदी शहाण्यासारखं बोलली. मी हो म्हटलं.

शेवटी भाचीचा धीर सुटला. तिने कंपनीकडून माणूस मागवला आणि त्याच दिवशी स्वतःही आली. माणूस म्हणजे एक धिप्पाड बाई निघाली, कमरेला मीटर, कानाला पेन्सिल. भाऊजींनी तिला दारातच सांगायला सुरुवात केली की वायरिंग मी केलंय, माझ्या हातून चुकलंय, निळी तार बघा. ती बरं म्हणाली आणि वरपासून खालपर्यंत सगळं बघायला लागली. थर्मोस्टॅट काढला, तारा मोजल्या, भट्टीचं झाकण उघडलं, प्रत्येक जोड ओढून बघितला. आम्ही सगळे पॅसेजमध्ये उभे. ताई तिच्या खुर्चीत.

बाई वर आली, हात पुसले आणि भाऊजींना म्हणाली, "काका, मी शिकत होते तेव्हा आम्हाला काम कसं असावं म्हणून फोटो दाखवायचे. घरात असं काम आज पहिल्यांदा बघतेय. यात काही दोष नाही."

आयुष्यभर ज्या वाक्यासाठी हा माणूस राबला, ते वाक्य त्याला लेकीसमोर ऐकायला मिळालं. आणि भाऊजी म्हणाले, "नीट बघा. सैल असेल कुठेतरी."

ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, ट्रान्सफॉर्मर बघा. ती म्हणाली, नवा आहे, उत्तम आहे. ते म्हणाले, भिंतीच्या आत खिळा लागला असेल. तिने सांगितलं की केबलही मोजली, सलग आहे. तेव्हा भाऊजींनी स्वतःचा मीटर काढला आणि भिंतीवरच्या तारांना लावला. "माझंच काम आहे, मला माहीत आहे ना," ते म्हणाले. "माझा जोड वाईट आहे." किराणावाल्याच्या दुकानातलं मीठ बंद करणारा माणूस एका परक्या बाईला गयावया करून सांगत होता की माझं काम वाईट आहे म्हणा. मला काहीच कळेना. भाचीला कळलं असावं, कारण ती भिंतीला टेकली.

बाईने भट्टी सुरू केली. खालून गुरगुर आली, गरम हवा आली, पडदा उजळला. ती समजावत होती की यंत्र बरोबर आहे, तारा बरोबर आहेत, वीज फक्त मुळातून तोडली जाते, आणि ते बटण तर जिन्यापाशी वर आहे. तिचं बोलणं चालू असतानाच ताई खुर्चीतून उठली. मान जराशी तिरकी करून ती आवाज ऐकत होती. आमच्यामधून वाट काढत ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि दोन्ही बटणं खाली केली. सवयीच्या हाताने, न बघता. भट्टी थांबली. पडदा काळा झाला.

ताई परत आली आणि खुर्चीत बसली. आम्हा सगळ्यांची तोंडं बघून तिला वाटलं असावं की काही सांगायला हवं.

"काहीतरी चालू राहिलं होतं," ती म्हणाली.

कंपनीच्या बाईने खाली बघत हत्यारं पिशवीत भरली. तिने पैशाचं काही काढलं नाही. जाताना भाऊजींच्या दंडाला नुसता हात लावून गेली.

भाची स्वयंपाकघरात दार लावून रडत होती. भाऊजी तळघरात जाऊन भट्टीपुढच्या स्टुलावर बसले होते. मी खाली उतरले आणि विचारलं, कधीपासून माहीत होतं? ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मी चहा ठेवत होते त्या दिवशी त्यांनी सवयीप्रमाणे आधी बटणच बघितलं होतं. ते खाली होतं. ज्या बाईला त्यांनी या घरात आल्या दिवशी सांगितलं होतं की हे दुसरं बटण आपलं नाही, याला हात लावायचा नाही, आणि जिने इतक्या वर्षांत चुकूनही लावला नव्हता, तिने ते खाली केलं होतं. तेव्हाच कळलं मला, ते म्हणाले.

मग त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगितलं. बटणावर झाकण बसवलं, तर ताईने झाकण उघडून बंद केलं. तिला वाटलं, झाकण आहे म्हणजे हेच महत्त्वाचं. मग त्या बटणाची तारच काढून टाकली आणि भट्टी थेट जोडली. तर भट्टी थांबेना म्हणून ती घाबरी झाली, खोल्याखोल्यांतून काय राहिलं ते शोधत फिरली, आणि शेवटी मेनच्या पेटीपाशी गेली आणि सगळ्या घराची वीज पाडून अंधारात बसून राहिली. त्या अंधारातच ती त्यांना सापडली. त्यापेक्षा हे बरं म्हणून त्यांनी बटण पुन्हा जोडलं. निदान तिला बंद करायला काहीतरी सापडतं, ते म्हणाले. भिंत फोडली ती नुसती दाखवायला. ट्रान्सफॉर्मर बदलला तो दाखवायला. दोष तारेत आहे असं सगळ्यांना वाटत होतं तोवर ती घरात राहू शकत होती.

मी म्हटलं, भाऊजी, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबतं का? ते म्हणाले, "नाही. पण हिवाळा निघाला असता." मला इतकं रडू आलं की मी तिथेच पायरीवर बसले.

भाची वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या गल्लीत तिला नावं ठेवणारे खूप आहेत. ती आईला घेऊन गेली ते हंबरडा फोडून. संस्था स्वच्छ आहे, बायका मायेने बोलतात. मी भाऊजींबरोबर एकदा जाऊन आले. तिथे भट्टी कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या पेटीत कुलूपबंद आहे, आणि दिवे माणूस आला की आपोआप लागतात, माणूस गेला की आपोआप जातात. एकही बटण नाही. ताई दिवसभर पॅसेजमधून भिंतीवर हात फिरवत चालते. तिथल्या बायका म्हणाल्या, फिरणं चांगलं असतं. भाऊजींनी तिचा हात धरला तर तिने सभ्यपणे सोडवून घेतला, कारण तिचं काम राहिलं होतं.

परत आल्यावर भाऊजींनी काम सोडलं. खरं तर काम त्यांना सोडून गेलंच होतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची. घर उबदार असायचं, पडदा उजळलेला असायचा, सगळं अगदी नीट चालू. ते त्या पडद्याकडे बघत बसायचे. मी बडबडायची, ते हं हं करायचे.

एक दिवस दुपारीच त्यांनी मला फोन करून बोलावलं. आवाजात बऱ्याच दिवसांनी जरा जीव होता. मी गेले तर घर बर्फासारखं गार. भाऊजी कोट घालून, मफलर गुंडाळून पॅसेजमध्ये उभे होते, हातात मीटर. थर्मोस्टॅट काळा.

"बघ, धाकटे," ते म्हणाले. "पुन्हा गेला." त्यांनी पुढची पट्टी काढून निळ्या तारेला मीटर लावला आणि मला शून्य दाखवलं. ट्रान्सफॉर्मर नवा, जोड पक्के, त्या बाईने स्वतः बघून दिलेले, आणि तरी गेला. मग मी जिन्याच्या तोंडाशी गेले. मलाही आता सवय लागली आहे. दिव्याचं बटण वर होतं. शेजारचं खाली होतं.

माझा हात त्याच्याकडे गेला तसे ते मागून म्हणाले, "हात नको लावूस."

मी वळून बघितलं. ते माझ्या डोळ्यांत बघत नव्हते, मीटरकडे बघत होते. म्हणाले, "ती इथे नाही. तिकडे आहे. आणि तरी बंद पडला. म्हणजे तारेतच होतं की नाही? तिचा काही दोष नव्हता. तू फोन कर. मी सांगितलं तर पोरगी ऐकायची नाही, तुझं ऐकेल."

आयुष्यात मी कुणाचीही भीड ठेवली नाही. समोरचा खोटं बोलला की मी तिथल्या तिथे तोंडावर सांगते. मी फोन घेतला आणि भाचीला सांगितलं की अगं, तुझी आई तिकडे आहे आणि इथे थर्मोस्टॅट पुन्हा गेलाय, म्हणजे बहुतेक वायरिंगचंच असणार पहिल्यापासून, तर आईला परत आणायचं बघ. हे सगळं मी एका दमात बोलले.

तिच्या फोनवर तिला दिसत असणारच की घर काळं झालंय. मग ती म्हणाली, "मावशी, बाबांना म्हणावं बटण लावा. तिकडे फार थंडी आहे."

मी फोन ठेवला. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणाली?"

"बघते म्हणाली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मीटर पिशवीत घातला, ताईची खुर्ची थर्मोस्टॅटसमोर ओढली आणि बसले.

"मग ती येऊन बघेपर्यंत राहू दे असंच," ते म्हणाले, आणि कोटाचं वरचं बटण लावलं.